जित्याच्या फोटोला हार

सुयांचा डबा कोनाड्यातून निसटला आणि पाट्याच्या कडेवर आपटला. झाकण गडगडत उंबऱ्यापर्यंत गेलं, तिथं भोवऱ्यासारखं फिरलं आणि निजता निजता इतका वेळ खणखणत राहिलं, की ओसरीवरच्या किसनरावांना मान वळवावीच लागली. वलगावातल्या त्या माळ्याच्या घरात पहाटेपासून कुणी शब्द काढला नव्हता. सासरा बाहेर झेंडूचा ढीग निवडत होता, सून जयवंता आत हार ओवत होती, आणि दोघांच्या मधे उंबरा कमी, भांडणच जास्त आडवं पडलं होतं. शालूला मात्र त्या आवाजानं जाग आली. पाच वर्षांची पोर. अंथरुणातूनच हसली आणि म्हणाली, अजून एकदा पाड ना, माय.

जयवंतानं तिच्यासाठी डबा पुन्हा पाडला. पोरीपुरतं हसू ती कसंही करून राखून ठेवायची. बाकी कुणासाठी तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

भांडण फुलांवरून होतं. चीनशी लढाई झाली त्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि तेव्हापासून सरकारला लोखंडाचा नाद लागला होता. अमरावतीच्या मोठ्या मैदानावर आता पोलिसी सामानाचं प्रदर्शन भरणार होतं. मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्या बंदुका, बेड्या, ढाली, बिनतारी यंत्रं मांडणार. मांडव, वीज, चहापाणी सरकारचं. आणि जिल्ह्याजिल्ह्याचे साहेब येऊन, नवरी पाहावी तसा माल पाहून पसंत करणार. लोक त्याला पोलिसांची जत्रा म्हणत. त्या जत्रेची फुलं किसनरावांनी पत्करली होती.

ज्या काठीनं माणसं झोडली तिच्याच गळ्यात हार घालायचे का, एवढंच जयवंतानं रात्री विचारलं होतं. त्यावर किसनरावांचा पारा चढला. फुलाला वैर नसतं, ते म्हणाले. फुलाला फक्त सुकणं माहीत. मग जरा आवाज उतरवून त्यांनी खरं कारण सांगितलं.

"साऱ्या माळ्यायनं काम घेतलं, बाई. आपनच नाही म्हनलं त इचारतीन ना, काहून नाही म्हून."

ते तिला पटलं, आणि पटल्याचाच राग सकाळपर्यंत पुरला.

त्या 'काहून'चं नाव होतं शेषराव. जयवंताचा नवरा, किसनरावांचा पोरगा. मागच्या हिवाळ्यात भाजीबाजार शहराबाहेर हलवायचं ठरलं, तेव्हा आसपासचे माळी टोपल्यांसकट रस्त्यावर बसले. त्यांच्यात तोही बसला. दुपारी लाठी चालली, मग दगड आले, आणि एका हवालदाराचा डोळा गेला. कुणाच्या दगडानं गेला ते कुणीच पाहिलं नाही. पण डोळा गेला म्हणजे हात कुणाचा तरी असणारच, असा सरकारचा हिशेब. पुढं बसलेले तुरुंगात गेले. त्यांनी मागच्यांची नावं सांगितली नाहीत. मग बातमी आली, की समोरच्या माडीवरून कुणी फोटो काढलाय आणि त्यात एक उंच माणूस हात वर करून उभा आहे. शेषराव उंच होता. जयवंता त्याच्या पाठीवरच्या वळांना हळद लावत होती. ती अर्धीच लावून झाली आणि तो निघाला.

गावात सांगितलं, नागपूरला गिरणीत लागला. खरं तर तो अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरातल्या एका बोळात, दुसऱ्याच नावानं दुसऱ्याच्या दुकानात हार ओवत होता. चेहरा सरकारपाशी होता, नाव नव्हतं. नाव फक्त घरात होतं, आणि घरानं ते दातांखाली धरून ठेवलं होतं.

त्याची खुशाली गाठीवरून कळायची. अकोल्याचा एक मोटरवाला अधूनमधून शेवंतीच्या हाराची पुडी टाकून जाई. हाराची शेवटची गाठ ज्या त्या माळ्याची वेगळी असते. शेषराव डावरा, त्याची गाठ उलट्या अंगानं बसायची. जयवंता फुलं नंतर पाहायची. आधी त्या गाठीवर अंगठा फिरवायची. परवाच एक पुडी आली होती.

तिचं माहेर परतवाड्याचं. तिथून धावून येणारा एकुलता एक भाऊ होता, पंजाबराव. तोही पावसाळ्यात पटकीनं गेला. त्याचा साधा फोटोसुद्धा नव्हता. आई पार्वताबाई भिंतीकडे हात करून रडली होती, की हार घालू तरी कशाले वं. जयवंता तेव्हा रडली नाही. रडायला लागलं की माणूस काहीबाही बोलून जातं, आणि तिला बोलायची चोरी होती.

ऊन तापायच्या आत बंडी जुंपली. हार ओल्या फडक्यांत गुंडाळून त्यांची गोल गोल गाठोडी केली. मागं गाठोड्यांच्या मधे शालू बसली, कारण तिला ठेवायला घरी कुणी नव्हतं.

मैदानाच्या कमानीला तोरण बांधायला किसनराव बाहेरच थांबले आणि हार घेऊन जयवंता आत गेली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मांडवातल्या कारकुनानं हुकूम सोडला, की प्रत्येक दुकानात प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक फोटोला हार पाहिजे, दसऱ्याला विळ्या-कुदळींना घालतो तसा. मग तिनं वेताच्या ढालींना हार घातले. अश्रुधुराच्या आखूड, जाड बंदुकीला घातला. लाठ्या ओळीनं उभ्या होत्या, नव्या, तेल पाजलेल्या, टोकाला पितळी टोपणं बसवलेल्या; त्यांना हार घालताना तिनं सूत इतकं आवळलं की दोन फुलं गळून पडली. मखमलीवर बेड्या मांडल्या होत्या, सोनाराच्या पाटल्यांसारख्या. तिथला शिपाई गमतीत म्हणाला, बाई, बेडीच्या पाया पड, मग ती तुझ्या घरी येणार नाही. जयवंता म्हणाली, "यायची असली म्हंजे हार घेऊनही येते." शिपाई हसला. ती हसली नाही. शालू एका हिरव्या लोखंडी टोपात डोकं घालून बसली होती. जयवंतानं तिला ओढून बाहेर काढलं आणि विनाकारण तिचे केस झटकले.

शेवटचं दुकान कॅमेऱ्याचं होतं. तिथला विक्रेता कमलाकांत, मुंबईचा, गळ्यात टाय, बोलणं साखरेत घोळलेलं. गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं, म्हणून त्यानं माळणीलाच आपलं यंत्र दाखवलं. हातभर लांब नळीचा कॅमेरा. या भिंगातून देवळाच्या कळसावरचा कावळा कोणत्या डोळ्यानं बघतो तेही दिसतं, असं तो मोठ्या प्रेमानं सांगत होता. हजार माणसांच्या गर्दीतून एक माणूस, गव्हातून खडा निवडावा तसा निवडता येतो. हे बघा ना.

त्यानं मागं हात केला, आणि जयवंतानं मागं पाहिलं.

खिडकीएवढा, चौकटीत बसवलेला फोटो. गर्दी सगळी धुरकट, आणि त्या धुरक्यात एकच चेहरा धुऊन ठेवल्यासारखा लख्ख. भोवती लाल रंगाचं कडं. खाली मोठी अक्षरं. चौथीपर्यंत शिकलेली जयवंता ती लावून लावून वाचत गेली: हा कोण? ओळखा आणि बॅटरी मिळवा. बक्षिसाची ती बॅटरी, हातात धरायची, चकचकीत, शेजारीच ठेवलेली.

नवऱ्याचा फोटो तिनं जन्मात पाहिला नव्हता. लग्नात कुणी काढला नव्हता, नंतर कुणाला सुचलं नव्हतं. आणि आता तो असा, सरकारी मांडवात, एवढा मोठा होऊन उभा होता. ओठ थोडे उघडे. डावा हात वर ताठ, आणि त्या हातात काहीतरी गोल.

"भाजीबाजाराच्या दंग्यात आमच्याच यंत्रानं टिपलाय. दगड बघा केवढा आहे," कमलाकांत म्हणाला.

दगड नव्हता तो. त्या दिवशी एका लग्नघरचे हार पोचवायचे होते. ओल्या फडक्यातलं गाठोडं चेंगरू नये म्हणून त्यानं डोक्यावर धरलं होतं. मघाशी दारातून आत येताना तिनंही तसंच धरलं होतं. लाठी पाठीवर बसत होती आणि या वेड्या माणसाला फुलांची पडली होती. पण सांगणार कुणाला? गाठोडं आहे म्हणावं, तर गाठोड्याचा धनी कोण तेही सांगावं लागेल.

"माय," शालू म्हणाली, "तो..."

जयवंतानं पोरीचा दंड असा दाबला की पुढचा शब्द जागीच मेला. शालूनं चकित होऊन आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज फुटला नाही. आजवर आईनं तिला कधी दुखवलं नव्हतं.

आणि मग जयवंताला खुशालराव आठवला. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून वैर धरलेला शेजारी. गिरणीतून जावई-पोरं दिवाळीला येतात, तुमचा शेषराव कोण्या गिरणीत आहे बाप्पा, असं तो पाणवठ्यावर चारचौघांत विचारायचा. ऐतवारी बंडी भरून माणसं या जत्रेला आणायचं त्यानं गावात जाहीर केलं होतं. या चौकटीसमोर तो उभा राहील. एकदा पाहील. बॅटरीची त्याला गरज नव्हती; पण बक्षीस तो हसत घेईल.

तेवढ्यात दुकानं तपासत एक फौजदार आला आणि कॅमेऱ्याची नळी हातात घेऊन तोलू लागला. साहेबांना पाहून कमलाकांतला चेव आला. बाई, या फोटोलाही एक हार घाला, तो म्हणाला, चांगला जाड बघून. आमचं सगळं प्रात्यक्षिक याच्यावरच आहे.

जयवंतानं हार घेतला. दोन पावलं पुढं झाली. हात वर नेला, पण तो खांद्याशीच अडला. कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि समोर तो. कमलाकांत म्हणाला, घाला ना. आणि तिच्या तोंडून, वऱ्हाडातली कुठलीही बाई बोलली असती तसं, सहज, विचार करायच्या आत निघून गेलं:

"जित्या मानसाच्या फोटोले हार घालत नाही, साहेब."

फौजदारानं नळी खाली ठेवली. सावकाश ठेवली.

"जिता हाय, हे तुले कोनं सांगतलं?"

शालू पदरात शिरली. फौजदाराची नजर तिच्या कुंकवावरून फोटोवर गेली, फोटोवरून पोरीवर आली. पोरीची हनुवटी बापाची होती. अजून जरा वेळ त्यानं पाहिलं असतं, तर त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नसती. जयवंताला कळलं, की आता गप्प राहणं म्हणजे नाव सांगणं.

तिनं हात वर केला आणि हार घातला. नीट घातला, दोन्ही बाजू सारख्या करून, हनुवटीवरून खाली सोडला. मग वळली.

"नाई साहेब. जिता नाही. मन मानत नाही म्हून तसं निंगालं तोंडातून. हा माहा भाऊ. पंजाबराव, परतवाड्याचा. पटकीनं गेला."

आणि 'गेला' म्हणताच इतके महिने अडवून धरलेलं रडू फुटलं. भावासाठीच फुटलं. नाव खरं होतं, मरण खरं होतं, पाणी खरं होतं. चेहरा तेवढा दुसऱ्याचा होता. ती खांबाला धरून रडली आणि रडतानाच मनाचा एक कोपरा कोरडा ठेवून फौजदाराचे बूट पाहत राहिली, ते कुठं वळतात म्हणून.

बूट शालूकडे वळले. तो गुडघ्यांवर वाकला, आणि आवाज मऊ करून, पोराबाळांशी बोलतात तसं त्यानं विचारलं.

"काय वं बाई, हा कोन तुया?"

शालूनं फोटोकडे पाहिलं. आईच्या ओल्या तोंडाकडे पाहिलं. दंड अजून दुखत असावा. तिनं त्याच्यावर हात ठेवला होता.

"मामा," ती म्हणाली.

फौजदारानं पंजाबरावाचं नाव टिपून घेतलं, आईबापाचा पत्ता घेतला. मेला म्हणून सुटला, तो म्हणाला, नाहीतर डोळ्याला डोळा काढून घेतला असता. मग कमलाकांतला सांगितलं, की हे खाली उतरवा. उद्या मोठे पाहुणे येतील, त्यांच्या तोंडावर मेलेला माणूस टांगू नका. कमलाकांत जरा हिरमुसला, पण लगेच खुलला. उद्घाटनाच्या आधीच त्याचं यंत्र पावलं होतं. हा किस्सा तो पुढच्या प्रत्येक गावी सांगणार होता. बॅटरी त्यानं दोन्ही हातांनी शालूच्या हातात दिली. आणि चौकट भिंतीवरून काढून, हारासकट, जयवंतापुढं धरली.

"घेऊन जा, बाई. तुमच्या घरी भावाचा फोटो नसेल. आम्हाला काय, निगेटिव्ह आमच्याकडे आहेच."

तो मनापासून बोलत होता. जयवंताला त्या घटकेला फौजदारापेक्षा त्याची जास्त चीड आली.

एवढी मोठी चौकट छातीशी धरून ती मांडवातून चालली. फोटो आतल्या बाजूला होता, पण हार वरून लोंबत होता, आणि हार म्हटल्यावर लोक आपोआप बाजूला होत होते. बेडीवाला शिपाईसुद्धा बाजूला झाला. परतवाड्याला आता कुणीतरी जाईल, तिच्या मनात आलं. आईच्या दारात काठी आपटून विचारील, तुझ्या पोरानं हवालदाराचा डोळा फोडला काय गं. आणि ती म्हातारी, जिनं मुंगीला वाट करून देणारा पोरगा जन्माला घातला, ती काय म्हणेल. त्याच्या आधी निरोप धाडायला हवा. निरोपात सांगायचं काय, ते मात्र तिला सुचत नव्हतं.

कमानीखाली किसनराव शिडीवरून उतरत होते. त्यांनी हार पाहिला. चौकट पाहिली. चौकट सावरताना ती जराशी कलली तेव्हा कडेनं पोराचा वर केलेला हात पाहिला, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसले.

"जिता हाय, मामाजी," ती जवळून जाताना ओठ न हलवता म्हणाली. "बंडी जुंपा."

बंडीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, रस्त्याकडे पाहत. त्यांनी ऐकलं. पोराच्या गळ्यातला तो हार काढ म्हणाले. तिनं मान हलवली. शहर मागं पडू द्या, लोक पाहत आहेत. तेवढा रस्ता म्हातारा एकदाही मागं वळला नाही. बैलांना मात्र त्या दिवशी त्यानं उगाच शिव्या घातल्या. फुलाला वैर नसतं असं त्यानं रात्री म्हटलं होतं, हे दोघांनाही आठवत असणार.

पेढी नदीच्या पुलापाशी तिनं हार काढला. तोडला नाही, गाठ सोडून काढला, आणि पाण्यात सोडला. मग पहिल्यांदा चौकट वळवून मांडीवर घेतली आणि नवऱ्याकडे पाहिलं. हनुवटीवर झेंडूचा पिवळा डाग पडला होता. तिनं तो पदरानं पुसला, हळू, झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसा. ही चौकट घरात लावता येणार नव्हती आणि जाळायला तिचा हात धजला नसता. धान्याच्या कणगीमागं जागा होती, तिथं फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवता येणार होता.

शालू केव्हाची बॅटरी लावत होती, विझवत होती. भर दुपारी तिचा उजेड कुठंच पडत नव्हता, म्हणून तिनं ती हाताच्या मुठीत धरून आत डोकावून पाहिलं. मग सरकत सरकत आईपाशी आली. जयवंतानं तिचा दंड उघडून पाहिला. चार बोटं उमटली होती. तिनं त्यांवर फुंकर घातली, एकदा, पुन्हा एकदा. शालू फोटोकडे पाहत होती. मघापासून काहीतरी जुळवत होती पोर, आणि ते आता जुळलं होतं.

"माय," ती म्हणाली, "मंग बाबा घरी आले का, मी त्यायले मामाच म्हनाचं काय?"